बटण कुणी बंद केलं?

मराठी घरात रात्री निजानीज होण्याआधी एक गस्त निघते. गॅसचा कॉक, मोरीतला नळ, मागच्या दाराची कडी, दुधावरची ताटली असं करत करत ती हॉलमधल्या इलेक्ट्रिकच्या बोर्डापाशी येते आणि तिथली सगळी बटणं खट् खट् करत वर जातात. गस्त घालणारं माणूस घरोघरी वेगळं. आमच्याकडे आप्पा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात जन्म काढलेल्या माणसाला अंधारात लाल ठिपका दिसला की झोप लागत नाही. कुठेतरी काहीतरी चालू राहिलंय आणि त्याचे पैसे पडतायत, एवढंच त्याला त्या ठिपक्यातून कळतं.

अडचण अशी की टीव्हीचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवणारा जो सेट-टॉप बॉक्स असतो, त्याचा सगळा संसार याच लाल ठिपक्यावर चालतो. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. रिमोटवरचं बटण दाबलं की आपल्याला वाटतं, डबा बंद झाला. झालेलं एवढंच असतं की त्याने टीव्हीला चित्र पाठवणं थांबवलं आणि हिरव्या दिव्याचा लाल केला. छतावरच्या छत्रीतून येणारा सिग्नल आत येतच असतो. पुढच्या आठवड्याचं कार्यक्रमपत्रक उतरवून घेणं चालू असतं. कुठल्या वाहिनीचे पैसे भरलेत आणि कुठल्या वाहिनीचे थकलेत याचे हुकूम उपग्रहावरून सुटतात, तेही तो टिपून घेतो. कंपनीने नवं सॉफ्टवेअर सोडलं तर घरातली माणसं झोपल्यावर गुपचूप ते बसवून घेतो. साडेआठची मालिका रेकॉर्डला लावली असेल तर घड्याळाकडे बघत बसतो. कित्येक डब्यांत हार्ड डिस्कसुद्धा फिरायची थांबत नाही. सासुरवाडीला दुपारी जेवून आतल्या खोलीत आडवा झालेला जावई आठवा. डोळे मिटलेले, श्वास संथ, पण माजघरातल्या कुजबुजीतला एक शब्द सुटत नाही. डबा तसा झोपतो.

त्याला खरोखर झोपवायचं तर भिंतीवरचं बटणच बंद करायला हवं. ते केलं की मग उठवण्याची पंचाईत. पडद्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ येतं. डबा उपग्रह शोधतो, वाहिन्यांची यादी जमवतो, आणि तोवर मालिकेतली सासू तिचं म्हणणं मांडून निघून गेलेली असते. बरेच दिवस बंद ठेवला तर भरलेल्या पैशांच्या वाहिन्याही तो दाखवत नाही, कारण मधले हुकूम त्याला मिळालेलेच नसतात. मग फोन करून ‘रिफ्रेश’ मागायचा. बनवणाऱ्यांना म्हणूनच डबा पुरता बंद झालेला परवडत नाही.

माझी एक जुनी शंका आहे. अमेरिकेत भिंतीवरच्या सॉकेटला सहसा बटण नसतं. पिन खुपसली की प्रवाह सुरू. अशा देशात वाढलेल्या इंजिनिअरला, आपण टेबलावर बसून आखलेली अवस्था घरातली एक व्यक्ती भिंतीपाशी जाऊन एका बोटाने मोडू शकते, हे सुचणार कसं? आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि प्रत्येक बटणाला एक आप्पा असतात.

अर्धवट जागं राहण्याची ही खोड टीव्हीला जुनीच आहे. व्हॉल्व्हवर चालणारे संच तापून चित्र यायला वेळ लागायचा, म्हणून अमेरिकेत ‘इन्स्टंट ऑन’ संच निघाले. बंद केल्यावरही ते आतल्या फिलामेंटी कोमट ठेवायचे. म्हणजे चित्र अर्ध्या मिनिटाने लवकर यावं म्हणून उरलेला दिवसभर वीज जाळायची. त्यानंतर १९७५ साली सोनीचं बेटामॅक्स आलं, १९७६ साली जेव्हीसीचं व्हीएचएस, आणि दूरचित्रवाणीने ठरवलेल्या वेळी न बघता आपल्या सोयीने बघण्याची चैन सामान्य माणसाला मिळाली. ही चैन आहे की चोरी, यावर अमेरिकेत मोठा खटला झाला. युनिव्हर्सल स्टुडिओ विरुद्ध सोनी. जानेवारी १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की घरी बसून कार्यक्रम टेप करावा आणि नंतर बघावा, यात गुन्हा नाही. एक न्यायमूर्ती जरी तिकडचे इकडे झाले असते, तर टायमर लावणारी सगळी बिऱ्हाडं गुन्हेगार ठरली असती. आमच्या घरात खंडपीठ एकसदस्यीय आहे आणि अपील चालत नाही.

आपल्याकडे व्हीसीआर आले ते १९८२च्या एशियाडच्या आसपास, रंगीत टीव्हीचं बोट धरून. पण मुंबई दूरदर्शन १९७२ पासून असलं तरी वाहिनी एकच होती, आणि ती घरातले, शेजारचे आणि खिडकीतले असे सगळेच बघायचे. रेकॉर्ड करायचं काय आणि कुणापासून लपवून? त्यामुळे व्हीसीआर हे मुख्यतः भाड्याच्या कॅसेटी लावण्याचं यंत्र ठरलं. एका रात्रीच्या भाड्यात तीन सिनेमे, आणि तिसऱ्या सिनेमाचा शेवट कुणाला आठवत नाही. टायमर लावून रेकॉर्डिंग करणारे मोजकेच असत, आणि गल्लीत त्यांच्याकडे आदराने बघितलं जाई. त्यातली गंमत अशी की बऱ्याच व्हीसीआरमध्ये टायमर लावल्यावर यंत्र बंद करावं लागे. चालू ठेवलं तर रेकॉर्डिंग होत नसे. ‘बंद केला म्हणजे चालू होईल’ हे वाक्य आमच्या शेजारच्या काकांनी सगळ्या बायकामाणसांना समजावून सांगितलं होतं, आणि ते ऐकून आजीने त्यांना प्रकृती बरी आहे ना, असं विचारलं होतं. वीज गेली की त्या यंत्राचं घड्याळ सगळं विसरून बाराचे आकडे उघडझाप करत बसे. आमच्याकडे वीज जायची रोज. त्यामुळे काकांच्या घरात कायम बारा वाजलेले असत.

हे सगळं ओलांडून २००८ साली टाटा स्काय प्लस आला, मागोमाग इतर कंपन्यांचेही रेकॉर्डर आले. एक कार्यक्रम बघा, दुसरा रेकॉर्ड करा, चालू सामना थांबवून फोडणी घालून या. आमच्या दादाने असाच एक डबा घेतला. कुठल्या कंपनीचा ते सोडा, डब्याची चूक नव्हती. चूक मुहूर्ताची होती. मुंबईकरांना हे कळायचं नाही, पण तो काळ उरलेल्या महाराष्ट्रात भारनियमनाचा होता. वर्तमानपत्रात गटवार वेळापत्रक छापून यायचं, अमुक गटाला सकाळी इतके ते इतके, संध्याकाळी इतके ते इतके. चोवीस तास वीज मिळेल असं धरून चालणारं यंत्र आम्ही वीज कधी जाणार याची छापील यादी असलेल्या राज्यात आणलं होतं. वहिनी एका हातात कार्यक्रमपत्रक आणि दुसऱ्या हातात भारनियमनाचं कात्रण घेऊन बसायच्या आणि पंचांगात मुहूर्त शोधावा तसं दोन्हींतून सुटलेली मालिका शोधायच्या. सापडली की ती रेकॉर्डला लावायच्या. आणि त्या वेळेला वीज हमखास असायची, बटण नसायचं.

‘बटण कुणी बंद केलं?’ हा प्रश्न आमच्या घरात तेव्हापासून विचारला जाऊ लागला. उत्तर सगळ्यांना ठाऊक असे.

‘मी केलं,’ आप्पा वर्तमानपत्र खाली न करता सांगत. ‘लाल दिवा चालू राहिला होता.’

‘अहो आप्पा, तो लाल दिवा म्हणजे बंदच असतो.’

‘बंद असतो तर दिवा कशाचा?’

या प्रश्नाला वहिनींकडे उत्तर नव्हतं. इमानदारीने सांगायचं तर जगातल्या मोठमोठ्या संस्थांकडेही बराच काळ नव्हतं.

आप्पांनी विषय तिथे सोडला नाही. त्यांच्या नोकरीत संशय आला की आधी मोजणी आणि मग शेरा, असा क्रम होता. आमचा मीटर अजून जुना, चकती फिरणारा होता, आणि त्याच्यावरच लिहिलेलं होतं, एका युनिटला ६०० फेऱ्या. एका रविवारी संध्याकाळी आप्पांनी फर्मान काढलं. घरातलं सगळं बंद. पंखे, दिवे, फ्रीज, देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा. चालू राहिला फक्त डबा, तोही स्टँडबायवर, लाल. आम्ही सगळे अंधारात बसलो. आई म्हणाली, एवढ्यात भाजी तरी निवडली असती. आप्पा बॅटरी आणि मनगटी घड्याळ घेऊन मीटरपाशी उभे.

चकतीच्या कडेला एक काळी खूण असते. ती आली, गेली. मग काहीच होईना. दादा पुटपुटला, ‘बघा, थांबली.’ थांबली नव्हती. अगदी सावकाश, निवृत्तिवेतनाच्या फाइलीच्या गतीने ती खूण पुढे सरकत होती. पावणेसात मिनिटांनी ती पुन्हा समोर आली. आप्पांनी बॅटरी विझवली आणि अंधारातच तोंडी हिशेब केला. तासाला सुमारे नऊ फेऱ्या, म्हणजे पंधरा वॅट. ‘काही करत नसताना पंधरा वॅट,’ ते म्हणाले. ‘आता हिरवा करा.’ हिरवा केला. पुन्हा मोजणी. फेरी जेमतेम पंधरा-वीस सेकंद लवकर आली.

इथे मला आप्पांच्या बाजूने उभं राहणं भाग आहे, कारण त्यांनी बॅटरीच्या उजेडात शोधलेली गोष्ट अमेरिकेत लोकांनी अहवाल लिहून सांगितली. वर्षाचे तास ८,७६०, म्हणून एक वॅट वर्षभर जळला की पावणेनऊ युनिटं होतात. पंधरा वॅटची एकशे एकतीस. ॲलन मायर नावाचे संशोधक लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत अशाच बंद दिसणाऱ्या यंत्रांच्या मागे लागले होते, आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबायला एका वॅटच्या वर वीज लागू नये असा आग्रह मांडला. २००१ साली धाकट्या बुशसाहेबांनी अमेरिकी सरकारी खात्यांना तसा आदेशही काढला. अशा उपकरणांना ते रक्तपिपाशी म्हणाले होते, हे कळल्यावर आप्पांचं त्यांच्याबद्दलचं मत, तेवढ्यापुरतं, सुधारलं. युरोपने कायदा करून २०१३ पासून साध्या उपकरणांसाठी मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. पण टीव्हीचे डबे यात सहज मावत नाहीत, कारण ते झोपलेले नसतातच. २०११ साली अमेरिकेतल्या नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिलने मोजणी करून सांगितलं की तिकडच्या घरांतले डबे जी वीज खातात, तिच्यातली सुमारे दोन तृतीयांश कुणी टीव्ही बघत नसताना जाते. आणि एक एचडी रेकॉर्डर नि सोबतीला दुसरा साधा एचडी डबा मिळून नव्या फ्रीजपेक्षा जास्त वीज घेतात. ही बातमी मीच आप्पांना दाखवली. तिचं कात्रण त्यांनी भारनियमनाच्या जुन्या कात्रणाशेजारी बोर्डाजवळ चिकटवलं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण एवढी वीज जाते तरी कुठे? हा प्रश्न दादाने विचारला, आणि उत्तर आईने दिलं, कारण ते तिला केव्हाच सापडलं होतं. ती सगळी उष्णता होते. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल. निफाडला पारा उतरला की त्याची बातमी होते आणि आमच्या घरात दही लागायचं थांबतं. रात्री लावलेलं विरजण सकाळी दूधच. आई म्हणाली, ‘मी गेले दोन हिवाळे भांडं त्या डब्यावर ठेवते. खाली क्रोशाचा रुमाल घालते. घट्ट कवडीदार लागतं.’ डब्यावर काहीही ठेवू नये, वरच्या झरोक्यांतून हवा खेळली पाहिजे, असं पुस्तिकेत छापलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण पुस्तिका लिहिणाऱ्याने पौष महिन्यात दही लावलेलं नसावं. आप्पांचा चेहरा मात्र पहिल्यांदा विचारात पडलेला दिसला, कारण हिवाळाभर पानात पडणाऱ्या दह्याची ते स्वतः तारीफ करत आले होते. म्हणजे हिवाळ्यात आई मागून जाऊन बटण पुन्हा खाली करत होती. रेकॉर्डिंगसाठी नव्हे, हे वहिनींनी लक्षात ठेवलं.

डब्याला शत्रू एकटे आप्पा नव्हते, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. वळवाच्या पावसात पहिलं गडगडलं की आई घरभर धावत सगळ्या पिना उपटायची. छत्रीची वायर काढून खिडकीच्या गजाला अडकवायची. कामाच्या मावशी लादी पुसताना एक्स्टेन्शन बोर्ड उचलून कॉटवर ठेवायच्या आणि तो पुन्हा खाली येताना त्यातलं काहीतरी सुटायचं. पाहुणे मोबाइल चार्ज करायला येत. म्हणजे येत ते लग्नाची पत्रिका घेऊन, पण पहिला प्रश्न पिन कुठे लावू हा. आणि लाल दिव्याचं यंत्र बंदच आहे, अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत. दादाने शेवटी बटणावर काळी इन्सुलेशन टेप मारली. आप्पांनी टेपेचा मान ठेवला. पुढच्याच आठवड्यात सिन्नरला लग्न होतं. निघताना त्यांनी फ्रीज रिकामा केला आणि मेन स्विच खाली ओढला.

सगळ्यात मोठा घाव बसला तो मात्र आप्पांच्या हातून नाही. १९ जानेवारी २०२१. ब्रिस्बेनच्या गॅबावर पाचवा दिवस, भारताला जिंकायला ३२८ धावांचं लक्ष्य. सामना आपल्याकडे पहाटेच सुरू होणार आणि दादाची सातपूरला पहिली पाळी. त्याने दिवसभराचा सामना रेकॉर्डला लावला, टेप तपासली, आप्पांना तीनदा सांगितलं. आप्पांनीही शब्द पाळला. रात्री बोर्डासमोर उभे राहिले आणि त्या बटणाला वगळून पुढे गेले, हे मी पाहिलं आहे. भारत जिंकला. ऋषभ पंत नाबाद ८९, आणि १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर पहिल्यांदा कसोटी हरली. दादाला हे कॅन्टीनमध्ये कळलंच, पण त्याला ते बघायचं होतं, चेंडू न् चेंडू. घरी येऊन चहा घेऊन तो बसला. रोहित शर्मा लवकर गेला. गिल सुरेख खेळत होता, पुजारा अंगावर चेंडू घेत होता. गोलंदाजाने धाव घेतली, आणि पडदा काळा झाला.

शाळा तेव्हा ऑनलाइन होती. गणिताच्या तासाला पुतण्याच्या लॅपटॉपची बॅटरी उतरली होती, आणि टेप बटणावर होती, पिनेवर नव्हती. ‘बाबा, डबा बंदच होता,’ तो म्हणाला. ‘लाल दिवा होता.’ आप्पांनी नातवाकडे ज्या अभिमानाने पाहिलं, ते दादाला फार लागलं. पुढे तो सामना कितीतरी ठिकाणी पुन्हा दाखवला, पण आमच्या डब्यात गिल आणि पुजारा अजून खेळतायत. आमच्या घरी तो सामना जिंकायचा राहिलेला आहे.

आता जरा आतली गोष्ट. एवढ्या लढाया करून जे काही रेकॉर्ड झालं, ते कुणी बघितलं का? एकदा डिस्क भरली म्हणून मी यादी उघडली. मालिकांचे भागच भाग, आईने लावलेले पाककृतींचे कार्यक्रम, एक नाट्यसंगीताची मैफल, दिवाळी पहाट, कुठल्याशा सिनेमाचा शेवट वगळून सगळा भाग, कारण कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला होता आणि डबा वेळेवर थांबला होता. बहुतेकांपुढे न पाहिल्याची खूण तशीच. मराठी माणसाला संग्रह हवा असतो, मग ती दिवाळी अंकांची चळत असो की डब्यातले तास, वाचायचं-बघायचं निवृत्तीनंतर. आणि मालिकांचं म्हणाल तर वाहिन्या स्वतःच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतात. रात्रीचा हुकला तर दुपारचा. आई तर दोन्ही बघायची, आणि दुपारच्या वेळी नव्याने चिडायची.

मग मोबाइलवर सगळं मिळायला लागलं आणि रेकॉर्डरचं वर्गणीखातं दादाने बंद केलं. टीव्हीच्या मागे आता करंगळीएवढी एक स्टिक खुपसलेली असते. तीही स्टँडबायवरच असते, पण तिला दिसेल असा दिवा नाही, त्यामुळे आप्पांची तिच्याबद्दल तक्रार नाही. मीटरही बदलून गेला. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका चोवीस तास लुकलुकतो, आणि त्याला कुठेच बटण नाही. आप्पा त्याच्यासमोरून जाताना मान वळवतात.

जुना डबा भंगारात द्यायला काढला तेव्हा आईने अडवला. स्टिकवर भांडं राहत नाही, हे तिने सगळ्यांना सप्रयोग दाखवलं. तेव्हापासून तो स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी आहे, छत्री नाही, टीव्ही नाही, वर्गणी नाही. थंडी सुरू झाली की आई रात्री पिन लावते, डबा उपग्रह शोधायला निघतो, सापडत नाही, आणि लाल होऊन तापत राहतो. आप्पांच्या हिशेबाच्या वहीत त्याची रीतसर नोंद आहे, लेखा विभागाच्या अक्षरात: ‘विरजण. १५ वॅट, ८ तास. ०.१२ युनिट. परवडते.’